राहून गेलेली वेलांटी

कॉलेजातून फोन आला तेव्हा गुरुसिद्धप्पा सोलापुरातल्या शेळगीच्या घराच्या गच्चीवर ज्वारीला ऊन दाखवत बसला होता. त्याला रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, आणि या दहा वर्षांत कॉलेजातून फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असाच त्याचा अनुभव होता. म्हणून त्याने आधी बायकोला, सावित्रम्माला, जवळ बोलावून घेतलं आणि मग फोन कानाला लावला.

कुणी गेलं नव्हतं. प्राणिशास्त्र विभागात दोन वर्षांपूर्वी आलेल्या रेश्मा मॅडम बोलत होत्या. विभागातली कीटकांची जुनी कपाटं हलवायची होती. पेट्यांमधल्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर इतकं बारीक होतं की भिंग धरूनही मॅडमना लागत नव्हतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, ते गुरुसिद्धप्पाचं अक्षर आहे, तोच वाचेल.

गुरुसिद्धप्पा त्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं शिपाई होता. काचा पुसायच्या, बेडूक आणायचे, मुलांच्या परीक्षेला ट्रे मांडायचे, ही त्याची कामं. पण प्राध्यापक मैंदर्गीकर सरांनी त्याचं अक्षर पाहिलं आणि त्याला आणखी एक काम लावलं. सर किडे जमवायचे. प्रत्येक किडा टाचणीवर लावायचा आणि त्याच टाचणीत खाली नखाएवढी चिठ्ठी ओवायची. चिठ्ठीवर चार ओळी असत. ठिकाण, तारीख, ज्या झाडावर सापडला ते झाड, आणि पकडणाऱ्याचं नाव. अशा चार हजार चिठ्ठ्या गुरुसिद्धप्पाने लिहिल्या. पकडणाऱ्याच्या जागी प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव होतं, मैंदर्गीकर. किडा सरांनी पकडला असो, मुलांनी असो की गुरुसिद्धप्पाने, विभागाची रीतच तशी होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गुरुसिद्धप्पालाही नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला. सकाळपासून एकेक पेटी उघडून तो वाचत होता आणि मॅडम कॉम्प्युटरवर उतरवून घेत होत्या. दुपारी एक छोटी पेटी निघाली. तिच्यात एकच किडा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, निळसर काळा भुंगेरा, पाठीवर दोन पांढरे ठिपके. गुरुसिद्धप्पाने तो चिठ्ठी न वाचताच ओळखला. तरी त्याने वाचली. खरवतवाडी, बारा ऑक्टोबर अठ्ठ्याण्णव, अंजनावर, मैंदर्गीकर.

मॅडमचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "हाच का तो?"

मग त्यांनी कपाटातली एक फाईल काढून त्याला सगळं सांगितलं. हा भुंगेरा सरांनी नवा म्हणून कळवला होता. वर्षाच्या आतच बाहेरच्या तज्ज्ञांनी चिठ्ठी वाचली आणि लिहिलं की अंजन हे कोरड्या माळरानाचं झाड आहे. खरवतवाडी पडते सह्याद्रीच्या माथ्यावर, सदाहरित जंगलात, जिथे अडीचशे इंच पाऊस पडतो. तिथे अंजन उगवतच नाही. म्हणजे एकतर झाड खोटं, नाहीतर ठिकाण खोटं. भुंगेरा यादीतून काढला गेला. एवढ्यावर ते थांबलं नाही. एका चिठ्ठीवर विश्वास नाही तर बाकीच्यांवर कसा ठेवायचा, असं कुणीतरी म्हणालं, आणि तेव्हापासून सरांच्या संग्रहाकडे सगळेच संशयाने बघू लागले. आता मॅडमनी एका मोठ्या संग्रहालयाला या पेट्या घ्या म्हणून विनवलं होतं. त्यांनीही तेच कारण देऊन नकार दिला होता. पेट्या तळघरात जायच्या होत्या. तळघरात ओल होती. दोन पावसाळ्यांत त्यांचा भुगा झाला असता.

सरांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांचा भुंगेरा कुणी मानला नाही, एवढं गुरुसिद्धप्पाला ठाऊक होतं. का मानला नाही, हे त्याला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

तो घोटभर पाणी प्यायला. मग त्याने विचारलं की दुसरा तसाच किडा त्याच जंगलात सापडला तर? मॅडम म्हणाल्या, तर सगळंच बदलेल. पण पकडायचा नाही हं काका, वनखात्याची परवानगी लागते. झाडासकट फोटो काढला तरी पुष्कळ झालं.

घरी येताना बसमध्ये तो तोंडातल्या तोंडात एकच शब्द म्हणत होता. अंजनी.

त्या दिवशीचं त्याला सगळं आठवत होतं. दसरा झाला की सर दरवर्षी त्याला घेऊन खरवतवाडीला जायचे. किडे गोळा करायची त्यांची पद्धत सोपी होती. आतून पांढरं कापड शिवलेली काळी छत्री उघडून फांदीखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठी मारायची. पानातले किडे छत्रीत पडत. काठी सर मारायचे, छत्री गुरुसिद्धप्पा धरायचा. पावसात छत्री उलटी धरून भिजणारी ही दोन माणसं बघायला वाडीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या.

त्या वर्षी सरांना ताप भरला. येडू नावाच्या गवळ्याच्या घरात ते घोंगडं पांघरून पडले होते. म्हणाले, "गुरुसिद्ध, आज काठीही तूच मार." गुरुसिद्धप्पा आणि येडू दोघेच गेले. आणि एका झाडाखाली, पांढऱ्या कापडावर शाईचा थेंब पडावा तसा तो भुंगेरा पडला. सरांनी तापातच उठून भिंग लावलं. किती तरी वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे मी आयुष्यात पाहिलेलं नाही." गुरुसिद्धप्पाच्या आयुष्यात त्याला शाबासकी अशी फार मिळाली नव्हती. ही एक मिळाली होती.

मग सरांनी विचारलं, झाड कुठलं? येडूने वाटेत सांगितलं होतं, अंजनी. पण येडू पाण्याला पानी म्हणायचा आणि कुठंला कुटं. गुरुसिद्धप्पाच्या घरी कन्नड. मराठी तो शाळेत शिकला होता, आणि त्याचं मराठी हा विभागात चेष्टेचा विषय होता. पेटी आला, टेबल आली, असं तो बोलून जायचा आणि साहेब लोक हसायचे. लिहिताना मात्र तो काळजी घ्यायचा. कॉलेजच्या चिठ्ठीवर गावठी शब्द कसा लिहायचा? अंजन असं एक झाड असतं, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. हे खेडवळ लोक त्यालाच अंजनी म्हणत असणार. म्हणून त्याने शब्द शुद्ध करून सांगितला. "अंजन, सर." आणि चिठ्ठीवरही तसाच लिहिला. सोलापुरात आल्यावर सरांनी पुस्तकात पाहून त्याचं शास्त्रीय नाव घातलं. झाड त्यांनी पाहिलंच नव्हतं.

सव्वीस वर्षं ती एक वेलांटी राहून गेली होती.

सावित्रम्माने त्याला जाऊ नका म्हटलं नाही, पण सोडलंही नाही. "री, अहो, सत्तरी झाली. लोक या वयात काशीला जातात, तुम्ही किडे धरायला चाललात. सापडला तर त्याला विचारा, इतके दिवस कुठं होतास म्हणून." असं म्हणत तिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधली, वर गुडघ्याला लावायचं तेल दिलं. खरं कारण त्याने तिला सांगितलं नव्हतं.

कोल्हापूरची एसटी सकाळी निघाली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची पेरणी चालू होती. सांगोल्याच्या पुढे डाळिंबांवर पांढरी कापडं घातलेली होती. पूर्वी या वाटेने जाताना सर खिडकीशी बसून काहीबाही सांगत असायचे आणि गुरुसिद्धप्पा मांडीवर छत्री धरून ऐकत असायचा. आताही छत्री होती, पण ती घरची, नेहमीची. आतून पांढरं कापड त्याने स्वतःच शिवून घेतलं होतं आणि टाके वाकडे पडले होते.

घाट चढून खरवतवाडीला उतरला तेव्हा दुसरा दिवस कलला होता. रस्ता रुंद झाला होता. जिथे उतरून पायवाट लागायची तिथे एका हॉटेलाचं फाटक होतं. आत मात्र जंगल तसंच होतं. तोच कुजक्या पानांचा वास, तीच अंधारी, आणि दहा पावलांत पायाला लागलेल्या जळवा. वर्षातले आठ महिने आभाळाकडे बघत बसणाऱ्या मुलखातून तो आला होता. पाऊस पडून गेला तरी पाऊण तास झाडांतून पाणी गळतच राहतं, याचं त्याला पहिल्या खेपेला जसं नवल वाटलं होतं तसंच आताही वाटलं. पण त्या वेळी आनंद व्हायचा. आता अंगावर येत होतं.

येडू जिवंत होता. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात पिकत होता. त्याने आवाजावरून ओळखलं.

"छत्रीवालं पाव्हनं न्हवं? आता तरी नीट धरता का अजून उलटीच?"

गुरुसिद्धप्पा हसला आणि लगेच विचारता झाला की त्या वर्षी आपण किडा पकडला ते झाड कुठलं होतं. येडूने क्षणभर त्याच्याकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, अंजनी की. चला दावतो.

ती झाडं पूर्वी दहा-बारा होती. हॉटेलच्या रस्त्यात बरीच गेली होती. तीन उरली होती. जाड, तुकतुकीत, गर्द पानं. गुरुसिद्धप्पाने पान हातात घेतलं. कोरड्या माळावर असलं पान टिकलं नसतं, हे कुणा शेतकऱ्याच्या पोरालाही दिसलं असतं. त्याला त्या वेळी दिसलं नव्हतं, कारण त्याचं लक्ष किड्याकडे आणि शुद्ध शब्दाकडे होतं.

चार दिवस त्याने ती तीन झाडं झोडली. डाव्या हातात उलटी छत्री, उजव्या हातात काठी. मुंग्या पडल्या, कोळी पडले, हिरव्या अळ्या पडल्या, एकदा एक लहानसा बेडूक पडला. काळं काही पडलं की तो घाईने चष्मा पुसून बघायचा आणि ती वाळकी कळी असायची. छत्रीत पाणी साचायचं, ते ओतून टाकायचं, पुन्हा धरायची. दुसऱ्या दिवसापासून खांदा उचलेना. मग येडू छत्री धरायला लागला. त्याला दिसत नव्हतं, पण काठीच्या आवाजावरून तो छत्री बरोबर फांदीखाली न्यायचा.

चौथ्या दिवशी दुपारी दोघे दगडावर बसले. गुरुसिद्धप्पाने भाकरीचा शेवटचा तुकडा त्याला दिला आणि म्हणाला, तुला छत्री धरायची चांगली सवय आहे रे.

येडू चावता चावता थांबला. "सवय तुमच्या सायबांनी लावली. तीन साल धरली की."

गुरुसिद्धप्पाला वाटलं, म्हातारा घोटाळा करतोय. छत्री तर आपण धरायचो. पण येडू घोटाळा करत नव्हता. तो पुढच्या वर्षांचं सांगत होता. त्या भुंगेऱ्याच्या पुढच्या दसऱ्याला सर म्हणाले होते, "गुरुसिद्ध, तुझा गुडघा दुखतो, यंदा तू राहू दे." तेव्हा गुरुसिद्धप्पाचा गुडघा मुळीच दुखत नव्हता. सर एकटे गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि त्याच्याही पुढच्या. आपल्याकडून काय चुकलं हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. सरांना कुणीतरी हुशार माणूस मिळाला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती आणि ती त्याला कधी पटली नव्हती.

"आल्या आल्या मला म्हनाले, येडू, त्या दिशी गुरुसिद्धनं कुटलं झाड झोडलं ते दाव. मी दावलं. पान हातात धरून हितंच बसले, ह्याच धोंड्यावर. अंजनी, अंजनी, असं दोनदा म्हनाले. लई येळ उटले न्हायत."

"मग?"

"मग काय, छत्री काडली. तीन सालं झोडलं, काय बी पडलं न्हाय. मी इचारलं, तुमचा मानूस कुटं हाय? तर म्हनाले, त्याला सांगू नको मी काय इचारलं ते." येडूने हात झटकले. "आता ते बी न्हायत. म्हनून सांगितलं."

वरून पाणी गळत होतं. गुरुसिद्धप्पा उलट्या छत्रीत थेंब पडताना बघत राहिला.

म्हणजे सरांना कळलं होतं. मग त्यांनी लिहून का टाकलं नाही, की शिपायाने शब्द चुकवला, झाड अंजनी होतं? याचं उत्तर शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. चिठ्ठी त्याच्याच हातची होती. झाड शिपायाने सांगितलं असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही कुठे होतात? तुमचं नाव तर पकडणाऱ्याच्या जागी आहे. त्या चिठ्ठीत दोन ओळी खोट्या होत्या. एक त्याने न कळून लिहिली होती आणि दुसरी रीत म्हणून. एक उपटली की दुसरी मुळासकट वर येत होती. म्हणून सर दुसरा भुंगेरा शोधत राहिले, स्वतःच्या हाताने पकडलेला. तो सापडला असता तर कुणालाच काही सांगावं लागलं नसतं.

त्याला वाचवायला सर एकटे आले, की त्याच्यावरचा विश्वास उडाला म्हणून? हे आता कोण सांगणार? रोज प्रयोगशाळेत दोघे समोरासमोर असायचे. सर त्याला चहा सांगायचे, तो आणायचा.

संध्याकाळपर्यंत त्याने पुन्हा झोडलं. काही पडलं नाही. निघताना त्याने छत्री येडूला दिली. येडू म्हणाला, कापड काडून टाकतो, न्हायतर लोकं मला बी येडा म्हनतील.

सोलापुरात आल्यावर तो आधी रेश्मा मॅडमकडे गेला नाही, सरांच्या घरी गेला. सरांच्या पत्नी, जगदेवी अक्का, होटगी रोडच्या घरात एकट्या राहत होत्या. भिंतीवर सरांचा फोटो होता, आणि फोटोखाली त्या भुंगेऱ्याचा मोठा करून चौकटीत लावलेला फोटो. गुरुसिद्धप्पा त्याच्याकडे पाठ करून बसला. त्याने सगळं सांगितलं. येडू, अंजनी, वेलांटी, सरांचा ताप, छत्री. आणि शेवटी सांगितलं की मी मॅडमना लेखी देतो, चूक माझी होती, सरांचा काही दोष नाही. म्हणजे सरांच्या बाकीच्या पेट्या तरी वाचतील.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तो यांनी पकडलाच नव्हता?"

गुरुसिद्धप्पाला हे सुचलंच नव्हतं. बसमध्ये त्याने सगळी वाक्यं जुळवली होती, त्यात हे नव्हतं.

"कोण आलं की मी तो फोटो दाखवते," अक्का म्हणाल्या. "सांगते, यांनी धरलाय, जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. लोक खोटा म्हणतात त्याला, मला ठाऊक आहे गुरुसिद्धा. खोटा म्हणतात, पण यांचा म्हणतात."

मग त्या चहा करायला उठल्या. आतून म्हणाल्या, तुला लिहायचं तर लिही बाबा, मी कोण नाही म्हणणार. साखर घालू का, तुला डायबेटिस झाला म्हणे. चहा पिऊन तो निघाला तेव्हा त्या दारापर्यंत आल्या, आणि नेहमी म्हणायच्या ते, सावित्रम्माला घेऊन ये, हे म्हणाल्या नाहीत.

दोन दिवसांनी तो प्रयोगशाळेत गेला. किडा दिसला नाही, असं त्याने मॅडमना सांगितलं. पण झाड पाहिलं. ते अंजन नाही, अंजनी आहे. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी तिथेच कॉम्प्युटरवर अंजनीचा फोटो शोधून काढला आणि म्हणाल्या, काका, हे तर खास तिथलंच झाड. मग जमतं सगळं. एवढंच असेल तर मी पुन्हा लिहून बघते त्यांना.

चिठ्ठ्यांचा एक नियम होता, सरांनीच शिकवलेला. टाचणीवरची जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. ती चुकीची असली तरी नाही. दुरुस्ती करायची ती नव्या चिठ्ठीवर, आणि नवी चिठ्ठी जुनीच्या खाली ओवायची. गुरुसिद्धप्पाने कागद कापला, सर्वांत बारीक निबाचं पेन घेतलं आणि भिंगाखाली हात धरला.  पहिली चिठ्ठी फुकट गेली. दुसरीवर शाई फुटली. मॅडम म्हणाल्या, मी छापून देते की. तो म्हणाला, थांबा जरा. पाचवी जमली. झाड अंजनी, एवढंच तिच्यावर होतं. वेलांटी लांबून कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

मॅडमनी भिंगातून वाचलं. "आणि कुणी पाहिलं त्याचं नाव? तेवढं हवं काका. त्या दिवशी झाड कुणी पाहिलं, याला तर सगळा अर्थ आहे. नाव नसलं तर कुणी धरत नाही ही चिठ्ठी."

हे त्याला माहीत होतं. नव्या मुलांना पस्तीस वर्षं तोच हे सांगत आला होता. त्याने पेन पुन्हा उचललं. वर जुन्या चिठ्ठीवर त्याचंच जुनं, मोत्यासारखं अक्षर होतं. मैंदर्गीकर. किती सुंदर लिहायचो आपण, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"जागा उरली नाही, मॅडम," तो म्हणाला.

चिठ्ठीवर एक ओळ मावेल एवढी जागा होती. मॅडमना ती दिसत होती. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांनी विचारलं की तुम्ही होतात का त्या दिवशी सरांबरोबर? तो म्हणाला, होतो ना. छत्री धरायला.

त्याने टाचणी उचलली.  चिठ्ठी खालून ओवली, भुंगेऱ्याला धक्का न लागता टाचणी पुन्हा होती त्या भोकात बसवली. पेटीच्या कोपऱ्यात एक नवी डांबरगोळी ठेवली, झाकण लावलं आणि काचेवरचे बोटांचे ठसे शर्टाच्या बाहीने पुसले.

तीन आठवड्यांनी संग्रहालयाचं उत्तर आलं. त्यांनी विचारलं होतं, झाड कुणी पाहिलं. मॅडमनी त्याला फोन केला, पण सावित्रम्माने उचलला आणि ते झोपलेत म्हणून सांगितलं. गुरुसिद्धप्पा शेजारीच बसला होता. संग्रहालयाला उत्तर गेलं नाही, आणि त्या आठवड्यात पेट्या तळघरात गेल्या. न्यायला माणसं कमी होती, म्हणून तोही गेला. छोटी पेटी त्याने स्वतः नेली, आणि तळघरात ओल लागू नये म्हणून खाली दोन विटा ठेवून त्यांच्यावर ठेवली.